हॉटेलातला भयपट आणि घरातली पाच माणसं

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. येत्या शनिवारी रात्री घरात सगळ्यांनी मिळून 'द मेन्यू' बघायचा बेत चाललाय. घरात त्या, त्यांचे मिस्टर, १५ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. मुलगी म्हणते, "आई, त्यात भूतबित काही नाही, हॉटेलातली गोष्ट आहे, माझ्या मैत्रिणींनी बघितलाय." मिस्टर म्हणतात, हॉटेलचाच सिनेमा आहे तर जेवण बाहेरून मागवू आणि जेवता जेवता बघू. सासूबाईंचं म्हणणं, आम्ही चिलया बाळाची गोष्ट ऐकत मोठे झालो, आम्हाला काय होतंय! ताईंना धाकट्याची धास्ती आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय, "हो की नाही, एवढंच सांगा."

एवढंच आधी सांगते. धाकट्यासाठी नाही. मुलीसाठी आत्ताच हो म्हणणार नाही. आधी तुम्ही दोघांनी बघा, मग ठरवा. माझा कल आणखी वर्षभर थांबण्याकडे आहे. सासूबाईंना विचारा, पण आत काय आहे ते सांगून विचारा. आणि पाचही जणांनी एका सोफ्यावर बसून बघायचा हा सिनेमा नव्हे.

आता सविस्तर. मी नाशकात २२ वर्षं मुलांचं आणि त्यांच्या आईबापांचं समुपदेशन करते. "अमुक सिनेमा दाखवू का?" हा प्रश्न मला अभ्यासाच्या खालोखाल विचारला जातो, आणि बहुतेक वेळा दाखवून झाल्यावर विचारला जातो. तुम्ही आधी विचारलंत, निम्मं काम तिथेच झालं.

सिनेमातली गुपितं फोडल्याशिवाय हे उत्तर देता येणार नाही, तेव्हा मुलीला हे वाचायला देऊ नका. २०२२ चा चित्रपट आहे, १०७ मिनिटांचा, दिग्दर्शक मार्क मायलॉड. एका बेटावर अतिशय महागडं हॉटेल, माणशी १२५० डॉलर. बोटीतून मोजके पाहुणे येतात. राल्फ फाइन्सने केलेला मुख्य शेफ एक टाळी वाजवतो की स्वयंपाकघर चिडीचूप, आणि पुढचा पदार्थ येतो. सुरुवात तर चक्क गमतीची आहे. एका ताटात पावाला लावायचं सगळं येतं आणि पावच नसतो! इथपर्यंत तुमचा धाकटाही खिदळेल. तिसऱ्या पदार्थात कोंबडीच्या तंगडीत कात्री खुपसलेली असते आणि शेफ आपल्या बापाची एक आठवण सांगतो. चौथ्या पदार्थाच्या वेळी एक तरुण स्वयंपाकी पुढे येऊन उभा राहतो, शेफ त्याच्याबद्दल चार वाक्यं बोलतो, आणि तो मुलगा सगळ्यांदेखत स्वतःवर गोळी झाडून घेतो. पाहुण्यांना आधी वाटतं, हाही खेळाचाच भाग असेल. मग उठून निघालेल्या एका पाहुण्याचं बोट छाटलं जातं, एकाला पाण्यात बुडवून मारतात, एक जण गळफास घेतो. शेवटी उरलेल्या पाहुण्यांच्या अंगावर मार्शमेलो, डोक्यावर चॉकलेटच्या टोप्या, आणि हॉटेलसकट सगळ्यांना आग. शिव्या जवळजवळ अखंड. स्त्री-पुरुष संबंधांचे उल्लेख आहेत, शेफने एका स्वयंपाकिणीशी केलेल्या गैरवर्तनाचाही आहे. तसलं दृश्य म्हणाल तर नाही.

काय नाही तेही सांगते. भूत नाही. माणसाचं मांस शिजवून खाऊ घालणं नाही. हॉटेलातला भयपट म्हटलं की अर्ध्या लोकांना तेच वाटतं. म्हणजे तुमची मुलगी खोटं बोलत नाहीये. भूत नाही, एवढ्यावरून सिनेमा सौम्य असणार हे मात्र तुम्ही परस्पर धरून चालू नका.

अमेरिकेत जोअ‍ॅन कँटर नावाच्या अभ्यासक बाईंनी मुलं पडद्यावरच्या कशाला घाबरतात यावर आयुष्यभर काम केलं. त्याचा गाभा कुठल्याही आजीला पटेल असा आहे. सात-आठ वर्षांपर्यंतचं मूल दिसण्याला घाबरतं: सुळे, लाल डोळे, पांढरं लुगडं. त्यापुढचं मूल घडू शकेल त्याला घाबरतं. चार वर्षांच्या मुलाला मुखवटा घातलेला माणूस नको असतो. नऊ वर्षांच्या मुलाला मुखवटा नसलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला, नीट बोलणारा माणूस जास्त घाबरवतो, कारण असा माणूस त्याने प्रत्यक्षात पाहिलेला असतो. आपल्या पिंपळावरच्या मुंजाचं एक बरं होतं, पिंपळ टाळला की मुंजा टळायचा. इथे टाळायचं काय? पांढरा कोट घातलेला वाढपी?

भीती नेहमी एखाद्या जागेला चिकटते. १९६० च्या 'सायको'त न्हाणीघरात जिचा खून होतो त्या जॅनेट लीने पुढे जाहीरपणे सांगितलं होतं की तो प्रसंग पडद्यावर पाहिल्यापासून तिने शॉवर घेणं सोडलं. म्हणजे ज्या बाईला कॅमेरा कुठे आहे, रक्त कशाचं आहे, सगळं माहीत होतं तिची ही गत. १९७५ च्या 'जॉज'नंतर समुद्रात उतरायला कचरणाऱ्या लोकांची एक पिढीच झाली. शार्कची भीती नाशिकच्या पोराला परवडते, इथे समुद्र कुठे आहे? गोदावरीत शार्क नाही. पण हॉटेलातला भयपट जेवणाच्या टेबलाला चिकटतो, आणि टेबलापाशी मूल दिवसातून चार वेळा येतं.

त्यात अन्नाची गोष्ट आणखी वेगळी. भीतीला निदान समजावता येतं, किळसेला नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक साधा प्रयोग केला होता: चांगलं चॉकलेट, फक्त आकार कुत्र्याच्या विष्ठेचा दिलेला. चॉकलेटच आहे हे ठाऊक असलेली मोठी माणसंही ते तोंडात घालायला कां कूं करायची. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. उष्टं, खरकटं, सोवळं-ओवळं यांच्यात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं की एकदा लागलं की लागलं, मग कितीही धुवा. ताटाला भयपट लागला की तसंच होतं.

माझीच एक चूक सांगते. भाचा दहा वर्षांचा होता, सुट्टीत माझ्याकडे राहायला आलेला. परदेशी भयपट होता, हॉटेलातलाच, पण हा नव्हे. त्याचं नाव सांगत नाही, कारण दोष सिनेमाचा नव्हता, माझा होता. मी आत पुलावाला फोडणी देत होते, बाहेरून भाच्याच्या हसण्याचा आवाज येत होता, म्हटलं हसतोय ना, मग ठीक. (घाबरलेली मुलंही हसतात, हे मी तोवर शंभर पालकांना सांगून झालं असेल.) रात्री शहाण्यासारखा झोपला. सकाळी काही नाही.

रविवारी आम्ही गंगापूर रोडला मळ्यातल्या मिसळीला गेलो. तिथे झाडाखाली टेबलं, पलीकडे झोपाळे, चुलीवर काळा रस्सा. भाच्याने खुर्ची फिरवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बसला. मिसळ आली. त्याने चमच्याने फरसाण एका कडेला सारलं, खाली बघितलं. मटकी एकेक करून बाजूला केली. कांदा उचलून पाहिला. मग वाटी माझ्याकडे सरकवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मावशी, आधी तू खा."

मी खाल्लं. तो माझ्याकडे बघत राहिला. घड्याळ लावून बघावं तसा.

पुढचे तीन आठवडे डबा भरलेला परत यायचा. बहिणीचा फोन, काय केलंस माझ्या पोराला? डब्यातलं फक्त केळं संपायचं. नंतर लक्षात आलं की केळं, उकडलेलं अंडं, शेंगा आणि बंद पुड्यातली बिस्किटं, जे जे स्वतःच्या हाताने सोलता-फोडता येतं ते तो खात होता. ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलाय ते नाही. आईच्या हातची पोळीसुद्धा नाही. आता यात त्याचा तर्क चुकलाय कुठे? सिनेमाने त्याला शिकवलं की वाढणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि तो शिकला.

"काही होत नाही, सिनेमा होता तो" हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणून पाहिलं. त्याचा उपयोग शून्य. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच मळ्यातल्या मालकांना विचारून मी त्याला थेट चुलीपाशी नेलं. तिथे रस्सा ढवळणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी काही समजावलं नाही, काही विचारलं नाही, नुसता पळा त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घाल बरं तुझ्या मावशीला." त्याने मला वाढलं. मग मालकांना वाढलं. मग स्वतःला. तिसऱ्या वाटीला त्याने खाली वाकून बघितलं नाही. घरी गेल्यावर बहिणीने त्याला पोळ्या शेकायला बसवलं, डबा स्वतः भरायला लावलं. दोनेक आठवड्यांत गाडी रुळावर आली.

तर ताई, तुमच्या धाकट्याने समजा हे आधीच कुठे बघितलं असेल, मित्राच्या मोबाइलवर वगैरे, तर हाच रस्ता. "घाबरट कुठला" म्हणू नका, आणि समोर बसवून व्याख्यानही देऊ नका. हातात पळी द्या. काकडी चिरू द्या. लहान मुलांना शब्दांपेक्षा अंगाशी घेणं आणि हाताला काम देणं लागू पडतं. जरा मोठ्या मुलांना मग समजावणं लागू पडतं. तीन-चार आठवड्यांनंतरही खाणं सुधारलं नाही, वजन उतरायला लागलं, झोपेत दचकणं थांबलं नाही, तर आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, माझ्यासारखीकडे नंतर.

आणि हे "चार दिवसांनी विसरतात" असंही समजू नका. कँटर आणि त्यांच्या सहकारी हॅरिसन यांनी १९९९ मध्ये कॉलेजातल्या मुलांना लहानपणच्या अशा आठवणी विचारल्या होत्या. ९० टक्के मुलांना असा एखादा प्रसंग आठवत होता, आणि त्यातल्या २६ टक्क्यांच्या मनात त्याची धाकधूक तेव्हाही शिल्लक होती. म्हणून काही मुलांना सगळ्या भीतीपासून दूर ठेवायचं का? तर नाही, आणि इथे मला तुमच्या सासूबाईंकडे यायचंय, कारण या प्रश्नातला सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांचा आहे.

चिलया बाळाची गोष्ट खरोखर या सिनेमापेक्षा भयंकर आहे. श्रियाळ राजाच्या दारात शंकर गोसाव्याच्या रूपात येतो आणि जेवणाला घरच्या एकुलत्या एका मुलाचं मांस मागतो. चांगुणा शाळेतून बाळाला बोलावते. त्याचं मस्तक उखळात घालून कांडते, डोळ्यांतून पाणी न काढता, कारण रडलीस तर मी उठून जाईन असं अतिथीने बजावलेलं असतं. पाटावर बसल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, तुझ्या बाळाला हाक मार. स्वयंपाकघर, ताट, पाहुणा, वाढणारी आई, सगळं तेच. श्रावणात ही गोष्ट शेकडो वर्षं पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगितली गेली आणि मुलं बिघडली नाहीत. मग सिनेमाने काय होतंय?

माझी आजी ही गोष्ट सांगायची. मी तिच्या मांडीवर असायचे, अक्षरशः. कांडण्याचा भाग आला की ती भराभर पुढे जायची, दोन वाक्यांत उरकायची. चांगुणा दारात उभी राहून हाक मारते तिथे मात्र थांबायची, ती हाक तीनदा मारायची, आवाज लांबवून. आणि मग बाळ धावत यायचा. एकदा धाकट्या भावाचे डोळे मोठे झालेले तिला दिसले, तर त्या दिवशी उखळ आलंच नाही, बाळ शाळेतून थेट आईच्या कुशीत. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचं तोंड दिसतं. सिनेमाला तुमच्या मुलाचं तोंड दिसत नाही. शिवाय गोष्टीतलं चित्र मूल स्वतः काढतं, झेपेल तेवढंच काढतं. पडद्यावर ते दुसऱ्याने काढून, रंगवून, आवाजासकट समोर ठेवलेलं असतं. आणि चिलया परत येतो. 'द मेन्यू'त गोळी झाडून घेणारा मुलगा परत येत नाही, उलट त्याच्यामागे चटईसारखं काहीतरी अंथरून पुढचा पदार्थ लागतो, आणि सिनेमा आपल्याकडून हसण्याची अपेक्षा ठेवतो. मोठ्यांना तो कडवट विनोद कळतो. नऊ वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की माणूस मेला आणि लोक जेवत राहिले.

सासूबाईंना स्वतःला झेपेल का? झेपेल, भीतीच्या बाबतीत. मला शंका दुसऱ्या दोन गोष्टींची आहे. एक, अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत आलेल्या पिढीला रक्तापेक्षा अन्नाची थट्टा जास्त खुपते. या सिनेमात आख्खं जेवणच थट्टा आहे. दुसरी गोष्ट शिव्यांची. मूळ इंग्रजीत लावलात तर दर दोन मिनिटांनी त्या विचारणार, "काय म्हणाला रे तो?" आणि तुमच्या मिस्टरांना आईसमोर ते मराठीत सांगावं लागणार. त्यांना एकदा डोळ्यांपुढे हे चित्र आणू द्या, बेत आपोआप बदलेल.

मुलीबद्दल मात्र मला थोडं थांबून लिहायचंय. बहुतेक पालक इथे रक्त किती हे विचारतात. पंधराव्या वर्षी रक्ताचं काही वाटत नाही, ते तिने याहून जास्त पाहिलेलं असतं. हा सिनेमा तिला आवडेलही. मोठेपणासाठी जेवणारे श्रीमंत, एका लेखात हॉटेल बंद पाडणारी समीक्षक, ताटाचा फोटो काढल्याशिवाय घास न घेणारा शौकीन, यांची त्यात मस्त खिल्ली आहे. कॉलेज रोडच्या कॅफेत कॉफी गार होईपर्यंत रील काढणाऱ्या मुलामुलींना त्यात आपलीच ओळख पटते. आणि शेवटी जी वाचते ती साधं चीजबर्गर मागते म्हणून वाचते, हेही त्यांना फार भावतं.

माझं बोट आहे ते चौथ्या पदार्थावर. तो तरुण स्वयंपाकी मरण्याआधी शेफ त्याच्याबद्दल काय सांगतो? हा मुलगा चांगला आहे, खूप चांगला आहे, पण थोर नाही, आणि कधी होणारही नाही, अशा अर्थाचं. मुलगा ते मान्य करतो. शेफ विचारतो, हे आयुष्य हवंय का, तो नाही म्हणतो. सगळं शांतपणे, शिस्तीत, जवळजवळ समारंभासारखं. आता हे वाक्य दहावीतल्या मुलीच्या कानाने ऐका. सकाळी सातला क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास, टेस्ट सिरीज, आणि प्रत्येक निकालाला कुणीतरी म्हणणार की चांगले आहेत गं मार्क, पण... त्या "पण"वर माझ्या खोलीत बसून रडलेली मुलं मी मोजायचं सोडून दिलंय. तेच वाक्य पडद्यावर येतं आणि त्याचं उत्तर म्हणून पिस्तूल येतं. कुठलंही मूल हे पाहून तसं काही करेल असं मी म्हणत नाही. सिनेमा बघून तसं होत नसतं. पण आधीच खचलेल्या, गप्प झालेल्या, झोप उडालेल्या मुलीसमोर ते आत्ता नको. घरात, नात्यात, वर्गात कुणी असं गेलेलं असेल तर मग वय १५ असो की ४५, नकोच. आणि मुलगी तशा अवस्थेत आहे असं वाटत असेल तर सिनेमाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मुलगी मोकळी, हसतीखेळती असेल आणि हट्टच धरून असेल, तर तुम्ही दोघांनी आधी बघा, मग एखाद्या दुपारी तिच्याबरोबर पुन्हा. रात्री नको. रिमोट तिच्या हातात. मध्येच थांबवायचा हक्क तिला आहे, कारण विचारायचं नाही. नंतर बोधामृत पाजू नका, "तो मुलगा शेफला विरोध का करत नाही?" एवढा एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा, ती बोलेल. हे कसं केलं असेल याच्या गप्पाही मारा. या वयात पडद्यामागचं दिसलं की भीती खरोखर सैल होते. ही युक्ती आपल्याकडची जुनी आहे. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला, त्यात कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. मूळ गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर नुसता त्या पोरीचा चेहरा दिसतो, एकामागून एक भाव करून दाखवणारा. ही एक मुलगी आहे, ती सोंग करतेय, आता बघा. कालियाचा डोह मग पुढे.

वयोगटाच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत या सिनेमाला 'आर' मिळालंय, म्हणजे १७ च्या आतल्यांनी मोठ्या माणसाबरोबरच बघायचा. ब्रिटनमध्ये १५. आपल्याकडे थिएटरात 'ए' म्हणजे १८ च्या आत प्रवेश नाही, आणि पूर्वीच्या सरसकट 'यूए'चे २०२४ च्या नियमांपासून ७, १३ आणि १६ असे तीन भाग झालेत. घरच्या ओटीटीवर मात्र सेन्सॉर बोर्ड नसतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनी स्वतःच वयोगट ठरवते आणि सुरुवातीला कोपऱ्यात दाखवते, सोबत हिंसा, शिवीगाळ असे दोन-तीन शब्द असतात. आपण नेमके तेव्हा पापड तळत असतो. ते शब्द वाचा, आकड्यापेक्षा तेच कामाचे. १३ आणि त्यावरच्या मजकुराला कुलूप लावायची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. पिन टाकून ठेवा, आणि तो मुलाची जन्मतारीख नसू द्या.

एक विचारायचं राहिलं होतं. तुमच्या नात्यात कुणी हॉटेल लाइनमध्ये आहे का? असेल तर त्यांना मोठ्यांच्या खेळाला जरूर बोलवा. मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काम केलेला माझा एक परिचित हा सिनेमा बघताना, बाकीचे घाबरत होते तिथे, नुसता हसत होता. "ती टाळी आहे ना," म्हणाला, "ती खरी असते." मग बराच वेळ काही बोलला नाही.

तर शनिवारचं असं करा. संध्याकाळी पाचही जणांसाठी 'स्पिरिटेड अवे' लावा, २००१ चा जपानी चित्रपट. त्यातही खाण्याचीच भीती आहे: दहा वर्षांच्या मुलीचे आईबाप रिकाम्या गावातल्या दुकानावर ताव मारतात आणि डुकरं होतात. धाकटा थोडा दचकेल, दचकू द्या, तुमच्या शेजारी बसवा. त्या गोष्टीत मुलगी कामाला लागते आणि आईबापांना परत आणते; सासूबाईंना त्यात चांगुणेची हाक ऐकू आली तर मला कळवा. मग सगळे झोपल्यावर तुम्ही दोघं 'द मेन्यू' लावा, आवाज कमी ठेवून.

आणि मिस्टरांचा मुद्दा, जेवता जेवता बघायचा. नको. जेवण आठला, टीव्ही बंद ठेवून. बाहेरून मागवायचं तर मागवा, पण सिनेमाआधी संपवा. शेवटच्या भागात शेफ तव्यावर चीजबर्गर करतो तो प्रसंग इतका झकास घेतलाय की आधीचं सगळं पाहूनही भूक लागते. तोवर मध्यरात्र झालेली असेल आणि इंदिरानगरात काही उघडं नसेल. पाव आणि चीज आधीच आणून ठेवा.